सात वेळा दाबलेलं बटण

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्यात उलटी चालते. नाचणारा पडला की आम्ही त्याला उठवून बसवतो आणि अंगण कुठे वाकडं आहे ते शोधायला लागतो. मी मशीनचे स्क्रीन आखते. कुठलं बटण कुठे, केवढं, त्यावर काय लिहायचं, दाबल्यावर काय व्हायचं. कोणी शिकवल्याशिवाय माणसाला ते वापरता आलं पाहिजे, एवढीच अट. अठरा वर्षं मी हेच करते आहे आणि चांगलं करते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला भोळी समजायला नको.

प्रत्येक चाचणीच्या आधी समोरच्या माणसाला एक वाक्य वाचून दाखवायचं असतं. 'आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, मशीनची घेतोय. तुमचं काही चुकलं तर ती चूक मशीनची.' हे मी हजार वेळा तरी वाचलं असेल. ऐकल्याबरोबर लोकांचे खांदे सैल पडतात. शाळेपासून ज्याला त्याला कोणीतरी 'तुझंच चुकलं' म्हणत आलेलं असतं, त्यामुळे हे फुकटचं औषध लगेच लागू पडतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका वृद्धनिवासाचं काम आलं. चारशे खोल्या, प्रत्येक पलंगाशेजारी भिंतीवर एक स्क्रीन. दिवा, पंखा, नर्सला हाक आणि घरी फोन, अशी चार बटणं. चाचणीला म्हातारी माणसं हवी होती. एजन्सी पाठवायची ती सगळी मुरलेली, दहा कंपन्यांचा चहा प्यायलेली. मशीन सुरू व्हायच्या आधीच 'अक्षरं मोठी करा' म्हणून मोकळी व्हायची. आमच्या साहेबाला आम्ही त्याच्या पाठीमागे 'आटपा' म्हणायचो, कारण त्याचं कुठलंही बोलणं त्याच शब्दावर संपायचं. तो एक दिवस मला म्हणाला, "तुमचे वडील आहेत ना? त्यांच्यावर करून बघा आणि आटपा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला ते आपणहून सुचलं नव्हतं, याचं कारण अगदी साधं आहे. बाबांची मला आठवणच कमी यायची.

बाबा शहात्तर वर्षांचे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. दोन गल्ल्या सोडून माझा मोठा भाऊ राहायचा. औषधं, डॉक्टर, गळका नळ, सगळं दादाच बघायचा. मी दीड-दोन महिन्यांनी जायचे आणि पंखा लागायच्या आत घड्याळ बघायचे.

बाबा चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये होते. भिंतभर हँडलं आणि दिवे, अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या मुठीत. एकदाही चुकीचा व्हॉल्व्ह उघडला नाही, हे ते दर भेटीत एकदा तरी ऐकवायचे. नवीन माणसांचा गोंधळ व्हायला लागला तेव्हा त्यांनी हँडलांना रंगीत पट्ट्या गुंडाळल्या आणि वरिष्ठांशी भांडून दोन हँडलांच्या जागा बदलून घेतल्या. "हात आपसूक जिकडे वळतो, तिथे हँडल आणायचं," ते म्हणायचे. "हाताला अक्कल शिकवायला जाऊ नये." घरातही तेच. प्रत्येक स्विचवर पट्टी, प्रत्येक किल्लीला रंग, गॅसच्या बटणावर लाल ठिपका. माझा सगळा धंदा मी त्या दोन खोल्यांत फुकट शिकले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पहिल्या चाचणीला मी नमुन्याचा स्क्रीन घेऊन गेले. फोनच्या बटणावर कोणाचा तरी फोटो हवा होता म्हणून माझाच टाकला होता. ते दाबलं की फोन वाजल्यासारखा आवाज यायचा आणि मग माझा आवाज, "हॅलो बाबा, बोला." ऑफिसच्या जिन्यात उभं राहून घाईघाईत रेकॉर्ड केलेला. खरा फोन लागत नव्हताच.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मशीनची परीक्षा? बरं. मग मशीनला अभ्यास करून यायला सांगायचं होतंस."

"बाबा, दिवा लावा."

लावला.

"पंखा कमी करा."

केला. चार मिनिटांत सगळं आटोपलं. एकही चूक नाही. मी वही मिटली. माझं तोंड किती वाकडं झालं असेल ते मला आज कळतं, कारण मी ते व्हिडिओत बघितलंय.

"काय गं ठमे, नापास झालं का मशीन?"

"पास झालं. तोच तर घोळ आहे. चुकाच सापडल्या नाहीत तर मी सुधारू काय?" मी कॅमेऱ्याचा स्टँड मिटला. बाबा चहा ठेवू का म्हणाले, तर मी उशीर होतोय म्हणून निघाले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, कारण आटपाने एकच चाचणी मोजत नाहीत म्हणून परत पाठवलं. मी म्हटलं, "बाबा, दिवा लावा." त्यांनी फोन दाबला. "हॅलो बाबा, बोला," स्क्रीन म्हणाला.

"हॅलो, उजेड आहे का?" बाबा स्क्रीनला म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली. का दाबलं, दाबताना काय वाटलं, हे चित्र दिव्याचं वाटलं का, हात आधी कुठे गेला. मी वहीची नऊ पानं भरली. तीन तास बसले. चहा दोनदा झाला. जाताना मी त्यांना चक्क म्हणाले, "बाबा, मस्त झालं आज."

तेव्हापासून दर मंगळवारी. बाबा प्रत्येक वेळी कुठेतरी चुकायचे आणि बहुतेक वेळा फोनवरच चुकायचे. दिवा सांगितला की फोन, पंखा सांगितला की फोन. एका मंगळवारी तर ओळीने सात वेळा. सात वेळा माझा जिन्यातला आवाज म्हणाला, "हॅलो बाबा, बोला," आणि मी समोर बसून रेघा मारत होते. एक, दोन, तीन, चार आणि त्यांना छेद देणारी आडवी पाचवी. पुढे आणखी दोन.

ऑफिसात त्या व्हिडिओंनी कमाल केली. "हॅलो, उजेड आहे का?" हे वाक्य तर जेवणाच्या सुट्टीत चालायला लागलं. कोणाचा कॉम्प्युटर अडकला की, "हॅलो, उजेड आहे का?" मीसुद्धा म्हणायचे. बैठकीत आटपा म्हणाला, "एका बटणाने एवढा गोंधळ होत असेल तर ते बटणच नको. काढून टाका, आटपा." मी दुजोरा दिला. आकडे माझेच होते. घरी फोन करायची सोय खालच्या काउंटरवर गेली, रोज चार ते पाच. भिंतीवर उरली तीन बटणं. शिवाय मी एक सुधारणा सुचवली. उगाच वारंवार बटण दाबणारे असतातच, म्हणून नर्सचं बटण फार वेळा विनाकारण दाबलं गेलं तर तासभर गप्प बसेल अशी सोय. वृद्धनिवासाच्या लोकांना ती सगळ्यात जास्त आवडली.

काम पूर्ण झाल्यावर कंपनीने हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. घरच्यांनाही बोलावलं. बाबा तिसऱ्या रांगेत, त्यांच्या शेजारी दादा. आटपाने आधी 'पूर्वी असा गोंधळ व्हायचा' म्हणत तो सात वेळांचा व्हिडिओ भिंतीवर लावला. बाबांचं बोट माझ्या हाताएवढं झालं होतं. सात वेळा फोन, सात वेळा "हॅलो बाबा". तिसऱ्या वेळेपासून लोक हसायला लागले, सातव्या वेळी टाळ्या पडल्या. बाबाही हसले. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, सगळे कशाला हसतायत ते त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि ते हसायचे थांबले. त्यांनी हात मांडीखाली घेतले. मी स्टेजवरून हे सगळं बघत होते आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की व्हिडिओ चांगला चालला.

दोन महिन्यांनी दादाची बदली झाली, लांब, रोज येता न येण्याइतकी. तो माझ्या ऑफिसच्या खाली येऊन उभा राहिला.

"बाबांचं काय करायचं?" तो म्हणाला. "तुझ्याकडे ठेवतेस?"

मी माझं घर किती लहान आहे ते सांगायला लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. तीन वर्षं मी कुठे होते हे त्याने विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

"मग तुमचंच ते वृद्धनिवास आहे ना," तो म्हणाला. "बाबा नाही म्हणतायत. म्हणतात, डॉक्टर सांगतील तर जाईन, नाहीतर इथूनच मला चौघं नेतील. शब्द दिलाय त्यांनी. डॉक्टरीणबाई तपासणार आहेत शुक्रवारी. तो व्हिडिओ मला दे."

"तो कशाला?"

"कशाला म्हणजे? दिवा आणि फोन कळत नाही त्या माणसाला. उद्या गॅस आणि नळ कळला नाही तर?"

मी देते म्हणाले. देण्याआधी एकदा बघून घ्यावा म्हणून शुक्रवारी सकाळी टेबलाशी बसले. आमच्या धंद्यात व्हिडिओ सरळ बघत नाहीत, एकेक चित्र पुढे सरकवत बघतात. बोट कुठे थांबलं, नजर कुठे गेली, चुकायच्या आधी माणूस कुठे अडखळला. बाबांचा व्हिडिओ मी असा कधीच बघितला नव्हता. घरचा माणूस, त्यात काय एवढं बघायचं!

मी म्हणते, "दिवा लावा." बाबांचं बोट सरळ दिव्याकडे जातं. न अडखळता, कंट्रोल रूममध्ये जायचं तसं. दिव्याच्या बटणावर, केसभर अंतरावर थांबतं. बाबा मान वळवून माझ्याकडे बघतात. अर्धा सेकंद. मग बोट डावीकडे सरकतं आणि माझ्या फोटोवर पडतं.

सातही वेळा तसंच होतं. आधीच्या सगळ्या मंगळवारीही तसंच. मी अकरा व्हिडिओ काढून बघितले. त्या माणसाने आयुष्यात एकही चुकीचा व्हॉल्व्ह उघडला नव्हता आणि माझ्यासाठी तो दर आठवड्याला चुकून दाखवत होता. बिनचूक राहिला त्या दिवशी पोरगी चहा न पिता गेली होती. चुकला की तीन तास बसत होती. एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला असणार, असं मला वाटलं. रडू आलं. ते मी पुसलं, कारण साडेअकराला वृद्धनिवासाचे लोक काम ताब्यात घेतल्याच्या शेवटच्या सह्या करायला यायचे होते. सगळा स्क्रीन या चुकांवर उभा होता. चुका खोट्या निघाल्या तर आठ महिन्यांचं काम आणि माझं नाव, दोन्ही त्यांच्याबरोबर खोटं. साडेअकराला ते आले, सह्या झाल्या, आटपाने माझा हात हातात घेऊन हलवला. मग मी दादाला व्हिडिओ पाठवून दिला.

चारला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही चौघं होतो. त्यांनी बाबांना तारीख विचारली, शंभरातून सात सात कमी करायला सांगितलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी सगळं बरोबर केलं. वर बाईंच्या टेबलावरची बेल डाव्या हाताला ठेवलीय, ती उजवीकडे घ्या, तुमचा हात आडवा जातो, असंही सांगितलं. बाई हसल्या. मला वाटलं सुटले बाबा. खरं सांगायचं तर मला वाटलं, सुटले बाबा आणि अडकले मी.

मग दादाने फोन पुढे केला. "हॅलो बाबा, बोला," माझा आवाज त्या लहानशा खोलीत सात वेळा वाजला. बाईंचं हसू गेलं.

"काका, हे तुम्हीच ना?"

बाबा फोनकडे बघत राहिले. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यातल्या तज्ज्ञ आहात. चांगला शाबूत माणूस असं ओळीने सात वेळा चुकू शकतो का?"

इथे माझं ते वाक्य होतं. हजार वेळा वाचलेलं, तोंडपाठ. चूक माणसाची नसते, मशीनची असते. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. किंवा खरं सांगायचं, की हे चुकलेच नाहीत, बोट बघा, नजर बघा. बाबांनी माझ्याकडे बघितलं, तसंच, अर्धा सेकंद. ते वाट बघत होते. मी बॅगेची चेन उघडली आणि लावली.

"सहसा नाही," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "चुकतो मी हल्ली," ते बाईंना म्हणाले. "पोरीच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे."

बाईंनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि बाबांनी दिलेला शब्द पाळला. आठ दिवसांत दोन खोल्या रिकाम्या झाल्या. स्विचवरच्या पट्ट्या दादाने खरवडून काढल्या, कारण नव्या भाडेकरूला त्या नको होत्या.

मी पाच आठवड्यांनी गेले. खोली दोनशे अकरा. पलंग, कपाट, खुर्ची आणि भिंतीवर माझा स्क्रीन, तीन मोठी, गोल, सुंदर बटणं. त्याला एका संस्थेचं बक्षीसही मिळालं होतं, ते मी सांगितलं. बाबा बारीक झाले होते. इस्त्रीचा शर्ट मात्र तोच.

"बघ," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी दिवा लावला, मालवला, पंखा कमी केला, वाढवला. एकही चूक नाही. "सोपं केलंयस हां. आंधळ्यालाही जमेल."

"तुमच्यामुळेच जमलं, बाबा."

"ते राहू दे. एक सांग, फोनचं कुठे गेलं? मी पहिल्या दिवसापासून शोधतोय. आत कुठे घातलंयस का, दोन बोटांनी वगैरे?"

मी म्हणाले, "काढलं ते. फोन खाली काउंटरवरून करायचा, चार ते पाच."

"खाली गेलो होतो. रांग असते. माझा नंबर आला की पाच वाजतात. माझा मोबाइल पण दादाने त्यांच्याकडे जमा करायला सांगितलाय. मी सारखा फोनच दाबत बसेन म्हणे." ते जरा थांबले. "पण काढलंस का?"

"तुम्ही चुकायचात ना त्यावर."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना फक्त नवल वाटलं होतं, कोणीतरी उलटा नळ बसवलेला बघून वाटावं तसं.

"चुकायचो?" ते म्हणाले. "अगं, तू म्हणाली होतीस मशीन सुधारायचंय. हात सारखा जिकडे जातो ते हँडल जवळ आणायचं असतं, हे तुला माहीत नाही होय? मला वाटलं, जे मी जास्त दाबेन ते तू मोठं करशील. पोरांना उद्या मला कुठेतरी ठेवावंच लागणार, हे काय मला कळत नव्हतं? म्हटलं, ठेवतील तिथे एवढं एक बटण तरी असू दे. म्हणून सात वेळा दाबलं."

म्हणजे मी वहीत लिहिलं तेही खोटं आणि शुक्रवारी सकाळी टेबलाशी रडले तेही अर्धंच खरं. माझ्याच बापाने माझ्याच भाषेत, अगदी स्वच्छ, स्वतःला काय हवं ते मला सांगितलं होतं. मी रेघा मारत बसले होते.

"आता बसवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"चारशे खोल्यांत बसलंय, बाबा. एका खोलीसाठी नाही बदलत."

"बरं." त्यांनी हात मांडीखाली घेतले. मग मी घड्याळ बघितलं. सवय, दुसरं काय. ते त्यांनी बघितलं, उठले आणि भिंतीवरचं तिसरं बटण दाबलं. नर्सचं.

दारात एक दमलेली नर्स आली. "काय काका? काय हवंय?"

बाबांना काही नको होतं. पण कोणीतरी आलं होतं. "काही नाही," ते म्हणाले. "ही माझी मुलगी. हे मशीन हिने केलंय."

"हो का?" नर्स माझ्याकडे बघून हसली. "फार उपयोगी आहे हो. त्यातली ती गप्प बसायची सोय तर आमच्यासाठी वरदानच आहे. काकांची आज सहावी वेळ. आणखी एकदा झालं की तासभर बंद." मग ती लहान मुलाशी बोलावं तसं वाकून बाबांशी बोलली, "परत चुकून दाबलं ना?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, अर्धा सेकंद.

"हो," ते म्हणाले. "चुकून."

नर्सने खिशातली वही काढून त्यात एक रेघ मारली. मी बॅग खांद्याला लावली आणि तिच्याबरोबरच खोलीबाहेर पडले. जिन्याशी पोचले तेव्हा मागे दोनशे अकराची घंटा एकदा वाजली, सातवी, आणि बंद झाली. नर्सने मागे वळून बघितलं नाही. मीही नाही.